साहेबी बटाटे

नात आज बटाट्यांत लोणी आणि चीज घोटत होती, त्या वासाने मी थेट भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये पोहोचले. साहेबाकडे खाल्लेले तसले बटाटे ह्यांनी घरी मागितले, म्हणून मी नवी नवरी चीजचा डबा मागवून भरतासारखे बटाटे ठेचत बसले. स्वयंपाकघरात ह्यांनी तीनदा बोटं चाटली. जेवताना सासूबाईंनी ताट सरकवलं, "हाई काय शे बाई, पतंगनी खळ?" मी आशेने ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "मी कुठे सांगितलं, आई? हिलाच साहेबीण व्हायची हौस!" सगळे हसले. आणि मी बावळट, पातेल्यातली खमंग खरवड ह्यांच्यासाठीच वाटीत झाकून ठेवली! आज ती तेव्हाची बावळट नवी नवरी मला भेटली, तर आधी तिच्या हातातली वाटी हिसकावून मीच चाटूनपुसून खाईन.