डॉक्टरबाईंची बिनक्लचची गाडी

परभणीत त्या काळी तसली दुसरी गाडी नव्हती. लांबलचक, फिक्कट हिरवी, विलायती. आणि आत क्लचच नाही. पायाखाली दोनच पेडल, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. गिअर आपोआप पडायचे. डॉक्टरबाईंच्या वडिलांनी ती हैदराबादहून मुद्दाम आणली होती. बाईंचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला. त्या पायात लोखंडी पट्ट्यांचा बूट असायचा. क्लच दाबणं त्यांना जन्मात जमलं नसतं, पण या गाडीला उजवा पाय पुरायचा. दवाखान्यात त्या काठी टेकत, भिंतीला धरत चालायच्या. गाडीत बसल्या की ताडकळस म्हणू नका, राणीसावरगाव म्हणू नका, एकट्या जायच्या. खेड्यातल्या बायका बाळंतपणाला शहरात यायला तयार नसत, म्हणून बाईच त्यांच्याकडे जात.

स्टेशनच्या रस्त्याला माझं गॅरेज होतं. जीप, ट्रक, ट्रॅक्टर, काहीही आणा. वय तिशीच्या आत, हाताला चांगलं वळण, आणि त्याची घमेंडही तेवढीच. बाईंच्या गाडीचे प्लग, ब्रेक, तेलपाणी मीच बघायचो. तिचा गिअरबॉक्स मात्र मला कळत नव्हता. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

एका दुपारी बाईंचा धाकटा भाऊ गाडी घेऊन आला. तोंड उतरलेलं होतं. मित्राच्या जीपशी मैदानावर शर्यत लावून हरला होता.

"मिस्त्री, हिला पिकअपच न्हाई," तो म्हणाला. "त्याच्या जीपनं जागेवर टायर फिरवून अंगावर धुरळा उडवला. मी पार तळापर्यंत रेस दाबली, तर ही नुसती हंबरती अन् म्हशीवानी हळू निघती. एवढं मोठं इंजिन, अन् टायर फिरंना? बिघाड हाय काहीतरी."

बाईंना विचारावं म्हणून मी दवाखान्यात गेलो. भाऊही मागोमाग आला. बाई हात धुत होत्या.

"तिला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून ती अशीच निघते, अलगद. मला तशीच हवीय."

बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, "ताईला काय कळतंय यातलं? तुमी बघा."

मी हसलो. रोज गाडी चालवणारी बाई एक सांगत होती आणि एकदा शर्यत हरलेला माणूस दुसरं. मी त्याचं ऐकलं. आपल्याला कळत नाही म्हणायची माझी तयारी नव्हती.

गॅरेजात मी डाव्या पायानं ब्रेक दाबून धरला, उजव्यानं रेस तळाला नेली. इंजिन ओरडायला लागलं, टपावरचा पत्रा थरथरला, मागची चाकं जागची हलली नाहीत. जीपमध्ये रेस वाढवून क्लच एकदम सोडला की चाक गरकन फिरतं. इथं सोडायला क्लचच नव्हता. मी पुन्हा दाबलं, आणखी वेळ धरलं. पुन्हा. चार-पाचदा तरी. मग खालून करपल्यासारखा वास आला. तेल मोजायची पट्टी काढून बघितली तर गिअरबॉक्सचं लालसर तेल काळ्या चहासारखं झालं होतं. मी पट्टी फडक्यानं पुसली, परत खोचली आणि भावाला सांगितलं, "कार्बोरेटर सेट केलाय. फरक पडंल."

दोन-तीन आठवडे गाडी चालली. मग विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला. एसटी बंद झाली, दुकानांची फळकुटं उघडेनात. दलितांच्या वस्त्या जाळल्याच्या बातम्या रोज यायच्या. तशात एका सकाळी ताडकळसच्या अलीकडच्या वस्तीतला एक माणूस सायकलवर दवाखान्यात आला. बायको दोन दिवस अडली होती आणि तिला आणायला वाहन मिळत नव्हतं. बाईंनी मला बोलावणं पाठवलं.

"भाऊ यायला तयार नाही. तुम्ही बसता का शेजारी? कुणी आडवं आलं तर बोलायला."

मला भीती वाटत होती, पण नाही म्हणता आलं नाही. त्या माणसाला मागे बसवलं, त्याची सायकल डिकीत आडवी घातली आणि दोरीनं बांधली. पिंगळीपर्यंत रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पिंगळी सोडून थोडं पुढे, एका चढावर, इंजिनाचा आवाज वाढला आणि गाडी मंदावली. बाईंनी रेस दिली. आवाज आणखी वाढला, गाडी थांबली, मग मागे घरंगळायला लागली. त्यांनी ब्रेक मारला. तोच करपट वास आत आला.

"असं कधीच झालं नाही हिला," बाई म्हणाल्या. "काय झालं असेल?"

"जुनी गाडी हाय बाई. हुतं कधीकधी."

मी हे बोललो तेव्हा त्यांच्याकडे बघितलं नाही. मागे बसलेला माणूस आधीच उतरून दोरी सोडायला लागला होता.

"बाई, डबलशीट येता?" त्यानं विचारलं.

बाई कॅरिअरवर बसल्या. बॅग मांडीवर घेतली. लोखंडी बुटाचा पाय एका बाजूला ताठ लोंबत होता, तो चाकात जाऊ नये म्हणून त्यांनी हातानं उचलून धरला. सायकल चढ संपेपर्यंत तो ढकलतच नेत होता. मी गाडीपाशी थांबलो.

पोरगा झाला, बाळंतीणही वाचली. पण परत येताना सायकल खड्ड्यात गेली, बाई पडल्या आणि नेमकं त्याच पायाचं हाड मोडलं. चार महिने त्या खाटेवर होत्या.

रस्ते सुरू झाले तसा मी हैदराबादला गेलो. विलायती गाड्यांचं काम करणारा एक म्हातारा मिस्त्री गाठला. माझं ऐकून त्यानं कपाळावर हात मारला.

"कायकू जलाए तेल कू?" तो म्हणाला. मग त्यानं समजावलं. दोन पंखे समोरासमोर ठेवले आणि एक चालू केला तर त्याच्या वाऱ्यानं दुसरा फिरतो. या गाडीत वाऱ्याच्या जागी तेल असतं. एक पंखा इंजिनाचा, दुसरा चाकांकडचा. मध्ये घट्ट जोड नाहीच. क्लच सोडल्यावर जो झटका टायरला बसतो, तो इथं तेल गिळून टाकतं आणि जोर हळूहळू चाकाला देतं. म्हणून टायर जागेवर फिरत नाही. बिघाड नव्हताच. चाकं अडकवून रेस देत राहिलो, तेव्हा इंजिनाचा सगळा जोर तेल तापवण्यात गेला आणि गिअर पकडून ठेवणारे आतले पट्टे जळाले.

तसा गिअरबॉक्स त्याच्याकडे नव्हता, दुसरीकडेही मिळाला नाही. भाऊ म्हणाला, साधा क्लचवाला बसवून टाका. बाई खाटेवर होत्या. मी ट्रकचा गिअरबॉक्स मिळवून, फ्रेम कापून, पंधरा दिवस खपून बसवला. भावानं पहिल्याच दिवशी गॅरेजसमोर टायर फिरवून दाखवले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

बाई उठून दवाखान्यात यायला लागल्या, तेव्हा मी जाऊन सगळं सांगितलं. ब्रेक धरून रेस दिली ते, तेल काळं झालं ते, चढावर खोटं बोललो ते.

त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला सांगितलं होतं ना, तिला काही झालेलं नाही म्हणून?"

"हो बाई."

"मग माझं का नाही ऐकलंत? गाडी मी चालवत होते."

त्यांनी पुढचा केसपेपर पुढ्यात ओढला. "जा आता," त्या म्हणाल्या. "पेशंट बसलेत बाहेर."

खेड्यांवर जाणं त्यांचं सुटलं. भावाला वेळ असला तर तो नेई, पण त्याला वेळ नसायचाच. पुढं माझ्या बायकोचे दिवस भरले, तेव्हा ती हट्टानं त्यांच्याकडेच गेली. मी आत गेलो नाही, बाहेर कडुनिंबाखाली उभा राहिलो. दुपारी बाई काठी टेकत दारापर्यंत आल्या.

"मुलगी आहे. दोघी बऱ्या आहेत," एवढं म्हणाल्या, आणि आत वळल्या.