बिनतोंडाची थैली

मैत्रिणींनो, आज सकाळी ग्रुपवर टाकलेला सासूबाईंचा व्हिडिओ मी काढून टाकलाय. काहून, ते सांगते.

त्यांच्या लग्नातल्या पायमशीनवर त्यांनी माझ्यासाठी गोळ्या ठेवायची थैली शिवली. हाताच्या सवयीनं चारही बाजूंनी शिवली, तोंडच ठेवलं नाही. मी सांगितलं नाही. मोबाईल सुरू केला आणि सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, यात गोळ्या टाकून दाखवा ना."

त्या थैली फिरवून फिरवून बोटांनी तोंड शोधत राहिल्या. तुम्ही सगळ्या खूप हसलात.

दुपारी शेजारणीनं तोच व्हिडिओ त्यांच्यासमोर लावला. चित्र त्यांना दिसलं नाही, पण माझं खिदळणं ऐकू आलं.

मला म्हणाल्या, "मले दिसत नाई, तुले मालूम होतं ना? मंग सांगाचं होतं, बाई. उसवून दिली असती."

संध्याकाळी त्यांनी मशीन भंगारवाल्याला देऊन टाकली. मी आडवी आले, तर म्हणाल्या, "आता कायले पायजे?"

त्यांचे डोळे गेलेत हे तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

घरच्या माणसाशी असं वागल्यावर त्याच्यासमोर जेवायला कसं बसायचं, कोणी सांगेल का?