साहेबांच्या पंगतीला

सकाळच्या वेळी आमच्या घरात कुणालाच काही सापडत नाही. मुलीची एक वेणी झालेली, दुसरी मोकळी. गॅसवर दूध वर यायच्या बेतात. नवरा एकच मोजा हातात धरून, जणू दुसरा मीच खाल्ला असावा तसा माझ्याकडे बघत उभा. अशात दारावर टकटक झाली. बेल असताना टकटक करणारं माणूस एकतर फार घाईत असतं, नाहीतर फार संकोची. दार उघडलं तर वरच्या मजल्यावरच्या आत्या.

"गाजराचा पाला आहे का गं? टाकून देणार असशील तर दे."

"आहे की. पण त्याचं काय करणार तुम्ही?"

"साहेबांना हवाय," त्या म्हणाल्या आणि स्वतःच ओशाळून हसल्या.

साहेब म्हणजे त्यांच्या घरचा पोपट. आणि आत्या म्हणजे कुणाच्या सख्ख्या आत्या, तर वरच्या बिऱ्हाडातल्या मुलाच्या. पण इमारतीतल्या सगळ्यांच्याच त्या आत्या होत्या. लग्न केलं नाही. तयार कपड्यांच्या कारखान्यात काज-बटण विभागात उभं आयुष्य काढलं. डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केल्यावर घरी बसल्या आणि भावाच्या घरी राहायला आल्या. भावाने बोलावलं होतं, हे सांगायला त्या कधी विसरत नसत. बंद करून घेतलेल्या गॅलरीत त्यांची कॉट, कॉटखाली ट्रंक, आणि खिडकीशी पिंजरा. पोपट भाच्याने हट्ट करून आणवला होता. हौस फिटली, भाचा शिकायला दुसऱ्या गावी गेला आणि पिंजरा बैठकीतून गॅलरीत सरकला. दोघं साधारण एकाच सुमारास तिथे आले म्हणायला हरकत नाही.

'साहेब' हे नाव आत्यांनीच ठेवलं. कारखान्यात त्यांचा एक साहेब होता म्हणे, हात पाठीमागे बांधून मान तिरकी करून बायकांच्या रांगेतून फिरायचा आणि एकाही कामाला बरं म्हणायचा नाही. "हुबेहूब तोच," आत्या म्हणायच्या, "फक्त याला पंख आहेत आणि हा खरं बोलतो."

या साहेबांची आधी फार बडदास्त होती, पण वेडीवाकडी. भाचा त्याला चहात बुडवलेलं बिस्किट द्यायचा, वेफर द्यायचा. बाकी दिवसभर सूर्यफुलाच्या बिया. पाहुण्यांसमोर बिस्किट खाणारा पोपट ही घरातली करमणूक होती. मग त्याची पिसं निस्तेज झाली, छातीवर टक्कल पडल्यासारखं दिसायला लागलं. अंग फुगवून तो कोपऱ्यात बसून राहायचा. आत्यांच्या वहिनी म्हणाल्या, "वय झालं असेल." आत्या त्याला टोपलीत घालून, वर ओढणी पांघरून, बस बदलत गुरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि सांगितलं, आतून चरबीने भरलाय आणि तरी उपाशी आहे. नुसत्या बिया म्हणजे माणसाने जन्मभर शेंगदाण्यांवर राहण्यासारखं. घरचं ताजं द्या, रोज वेगवेगळं द्या.

म्हणून गाजराचा पाला.

त्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकघराचा कचरा निम्मा वर जायला लागला. कोथिंबिरीच्या काड्या, पालकाची देठं, लाल भोपळ्याच्या आतला गर बियांसकट, सिमला मिरचीचा गाभा. आत्या रात्री मूग भिजत घालत, मोड आले की वाफवून घेत. रताळं उकडून त्याच्या फोडी. मक्याचं कणीस आडवं कापून त्याच्या चकत्या, म्हणजे साहेबांना एका पायात धरून खाता यावं. सफरचंद द्यायचं पण त्याची बी काढून. मीठ नाही, साखर नाही, तळलेलं नाही. बिया फक्त चार, शहाण्यासारखं वागल्याचं बक्षीस म्हणून. दुपार व्हायच्या आत उरलेलं काढून वाटी घासून पालथी. मी माझ्या पोटच्या पोरीला इतकं निगुतीने खाऊ घातलं नसेल.

आणि साहेबांनी काय केलं? सगळं उचलून एकेक करून खाली टाकलं. भोपळ्याचा तुकडा तर भिंतीवर फेकला. आत्या वाकून वाकून गॅलरी पुसत होत्या आणि वहिनी स्वयंपाकघरातून म्हणत होत्या, "वन्सं, त्याला गिळायला देताय की रंगकाम करायला?"

आठवडा असाच गेला. बिया जेमतेम जगण्यापुरत्या, आणि तो दुसरं काही तोंडात घेईना. आत्यांचा चेहरा उतरला. मग एके दिवशी त्यांनी वैतागून, टाकून कशाला द्यायचं म्हणून, त्याच्यासाठी केलेलं गाजर स्वतःच तोंडात टाकलं. साहेबांनी मान लांब केली. आत्यांनी दुसरा तुकडा खाल्ला, जरा आवाज करून. साहेब दांडीवरून सरकत सरकत जाळीपाशी आले. तिसरा तुकडा त्यांनी आत्यांच्या बोटातून ओढून घेतला.

"अगं, त्याला एकट्याला खायचंच नव्हतं," आत्या मला सांगायला खाली आल्या होत्या, धापा टाकत. "पोपट थव्यात खातात ना. दुसरा खातो ते बघून खातात. त्याला वाटत होतं, ही बाई स्वतः तर खात नाही, मलाच का देते? विष बिष असेल!"

तेव्हापासून त्यांचा रिवाज ठरून गेला. एकाच पातेल्यातलं, बिनमिठाचं, दोन वाट्यांत. एक पिंजऱ्यात, एक आत्यांच्या मांडीवर. त्या एक घास खायच्या, साहेब एक. घरात जेवायचं टेबल होतं, पण भाऊ कामावर जायच्या गडबडीत खायचे आणि वहिनी त्यांच्याबरोबर. आत्यांना वहिनी फार गोड आवाजात सांगत, "तुम्हाला काय घाई आहे वन्सं? तुम्ही आरामात बसा मागाहून." तिसरी खुर्ची वर्तमानपत्रांची होती.

"वन्सं आता पोपटाच्या पंगतीला बसतात," वहिनी जिन्यात मला म्हणाल्या. "उद्या दांडीवर झोपल्या तर सांगायला येईन."

साहेबांची पिसं पुन्हा हिरवीगार झाली. टक्कल भरलं. सकाळी आत्या विळी घेऊन बसल्या की तो दोन्ही पायांवर नाचायचा आणि आत्यांच्याच आवाजात म्हणायचा, "चला, बसा." आत्या ते ऐकून दर वेळी मान खाली घालून चिरत राहायच्या.

मग डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. भावाकडे धूळ, जिना, म्हणून पंधरा दिवस आत्यांनी दवाखान्याजवळच्या एका जुन्या मैत्रिणीकडे राहायचं. प्रश्न साहेबांचा. मी म्हटलं, "पिंजरा आमच्याकडे आणा. माझ्या मुलीला बरंच आहे. तसंही सकाळभर आमच्यापैकी कुणी ना कुणी खात असतंच." आत्यांचा चेहरा उजळला. पण वहिनींना ते झोंबलं.

"म्हणजे आम्ही एका पाखराला पोसू शकत नाही, असं होय? आमच्या घरचा पोपट दुसऱ्याच्या दारात? लोक काय म्हणतील?"

"तसं नाही हो वहिनी," आत्या म्हणाल्या. "तुम्हाला त्रास नको म्हणून. त्याच्यासमोर बसून दोन घास खावे लागतात."

"मी? पोपटासमोर बसून गाजर चघळू?" वहिनी खळखळून हसल्या. भाऊही हसले. भाऊ म्हणाले, "ताई, तू निश्चिंत जा. उपाशी का ठेवणार आहोत त्याला?"

भावाने ताई म्हटलं की आत्या पुढे बोलत नसत.

पंधरा दिवसांनी मीच त्यांना रिक्षातून आणलं. काळा चष्मा, हातात माझ्या मुलीसाठी पेरू आणि साहेबांसाठी पिशवीभर माठाची कोवळी पानं. जिना चढताना म्हणाल्या, "रुसला असेल बघ. दोन दिवस बोलायचा नाही."

पिंजरा खिडकीशीच होता. दार उघडं, आत कुणी नाही.

"काल सकाळी बघितलं तर खाली पडलेला," वहिनी पदराला हात पुसत म्हणाल्या. "तुम्हाला तिकडे कशाला कळवायचं, डोळ्यांत पाणी येऊन चालणार नव्हतं. आणि हे बघा वन्सं, आमच्या हातून काही कमी झालं नाही. तुमचं ते चिरणंबिरणं मला जमलं नाही, पण चांगल्या महागाच्या बिया आणल्या, मोठी वाटी काठोकाठ भरून ठेवली. रोज बघत होते. वाटी एकदासुद्धा रिकामी नव्हती. बघा, अजून भरलेलीच आहे."

वाटी खरंच काठोकाठ भरलेली होती. आत्यांनी पिंजऱ्यात हात घालून ती बाहेर काढली. चष्मा कपाळावर सारला आणि वाटी तोंडाजवळ नेऊन हलकेच फुंकर मारली.

टरफलं उडाली. गॅलरीभर उडाली, वहिनींच्या साडीवर, माझ्या चपलांवर. पोपट बी सोलून दाणा खातो आणि टरफल तिथेच टाकतो. ते वरचेवर साचत जातं आणि लांबून बघणाऱ्याला वाटी भरलेली दिसते. दुसऱ्या फुंकरीला वाटीचा तळ दिसला. एकही दाणा नव्हता.

वहिनींनी साडीवरची टरफलं झटकली. मग म्हणाल्या, "मला काय ठाऊक?" आणि ते खोटं नव्हतं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कारण आत्या असताना वाटीत टरफलं साचू द्यायची वेळच कधी आली नव्हती. संध्याकाळी भाऊ आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "जाऊ दे ताई, दुसरा आणू." आत्यांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते भाऊंनी विचारलं नाही.

त्यानंतर आत्यांच्या वाटणीचं जेवण झाकून ठेवलेलं असायचं. वहिनी त्यात खरंच काही कमी करत नव्हत्या, उलट एक भाजी जास्तच. पण महिन्याभरात आत्यांची पोलकी खांद्यावरून ओघळायला लागली. "ताट भरून देते तर तसंच परत येतं," वहिनी जिन्यात कुरकुरल्या. "आता यांनाही डॉक्टरकडे न्यायचं का?" मी म्हटलं, "त्यांच्याबरोबर बसून बघा ना एकदा." वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना पुन्हा गाजर चघळायला सांगत होते.

काल सकाळी आत्या आमच्याकडे आल्या. मुलगी शाळेला गेली होती, नवरा बाहेर पडला होता, मी गार झालेला चहा पुन्हा गरम करत होते. त्या बसल्या नाहीत. टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या, जसं कापडावर काजाची जागा शोधतात तसं.

"तू सगळे गेल्यावर खातेस ना?" त्यांनी विचारलं.

"हो. तेवढाच निवांतपणा."

"मी माझं ताट वरून घेऊन येत जाईन. मला काही वाढू नकोस, बोललं नाहीस तरी चालेल. फक्त मी जेवत असताना तू समोर बसून खा."