जवायाचा डोंगा, बापाची डोणी

आमचा जवाई बापूराव खोटं बोलत नाई. तो फक्त खऱ्याले पावडर लावते.

चंद्रपूरच्या एका संग्रहालयात तो शिपाई आहे. तिथी जुन्या डोंग्यायचा संग्रह, म्हणजे एकाच खोडातून कोरलेल्या नावा. त्यातला एक यानंच दिला, 'आमच्या आजोबाचा' म्हणून, आन् त्याच जोरावर नोकरीत चिकटला. येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगते, आजोबा यात बसवून वर्धा नदीच्या पुरातून लोकायले पार करत. अरे बाबा, तुझ्या आजोबाले अंघोळीची बादली पाहून हुडहुडी भरत होती! आन् तो डोंगा म्हणजे आमच्या राजुऱ्याकडच्या घरची डोणी. माझ्या बापानं, डोमाजीनं, बैलायले पाणी पाजाले मोहाच्या खोडातून कोरलेली. बुडाशी भोक, घाण पाणी सोडाले. त्यात चिंधीचा बोळा. जवायानं मागतली, आम्ही देऊन टाकली. जवायाले नाई कोण म्हणते?

माझी बहीण सत्यशीला, याची बायको. तिचं एकच म्हणणं, डोणीच्या फलकावर बापाचं नाव पाहिजे. दरसाल हा म्हणे, लिहू. मग संग्रहालय तलावाच्या पाळीवर नव्या इमारतीत हलवाचं ठरलं. फलक सगळे नवे होणार होते. बापूरावानं तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला, आता डोमाजीचं नाव पक्कं.

डोंगे ट्रकातून निघाले. बापूराव पुढच्या ट्रकात नवरदेवासारखा बसला, आन् त्यानं प्रत्येक खड्ड्याले 'हळू घ्या, इतिहास आहे' म्हणून ड्रायव्हरचं डोकं खाल्लं. आमची डोणी हमालायनं गादीवर उतरवली. माझ्या बापाले उभ्या जन्मात गादी मिळाली नाई.

संग्रहालयाच्या मुख्य नंदिनी मॅडम. त्यायनं ठरवलं, उद्घाटनाले आजोबाचा डोंगा पाण्यात सोडाचा, पाहुणे साहेब त्यात बसतील, बापूराव बांबूनं हाकलंल, आन् तिथीच त्याले शाल. जवायाची झोप उडाली. सत्यशीला म्हणे, सांगून टाका खरं. याले मात्र शालच दिसून राह्यली होती. भोकात डांबर भरलं आन् मोकळा झाला.

डोंगा काठापासून जरासा गेला आन् डांबर निघालं. बापूरावानं टाच भोकावर दाबली. साहेब माईकवर आजोबाचं शौर्य सांगून राह्यले, हा टाच दाबून उभा. शाल घ्याले पुढं बोलावलं तं हा हलेच ना. साहेब म्हणाले, केवढी ही नम्रता. काठावर टाळ्या. पण शाल समोर पाहून याचा जीव किती धीर धरंल? टाकलं एक पाऊल. शाल खांद्यावर पडली आन् साहेबायच्या पांढऱ्या पँटीत तलाव शिरला. पाणी गुडघाभरच होतं, म्हणून माणसं वाचली.

डोणी काठावर ओढून आणल्यावर मॅडमनं भोकाकडं बोट दाखवलं आन् विचारलं, हे कशाचं? सत्यशीला गर्दीतून पुढं आली. नवऱ्याच्या तोंडाकडं पाहत राह्यली. आता तरी घे माझ्या बापाचं नाव, एवढंच तिचं मागणं होतं.

बापूरावानं घसा खाकरला. "मॅडम, दुश्मन आला की आमचे आजोबा बोळा काढून डोंगा पाण्याखाली लपवत."

पुन्हा टाळ्या. मॅडमनं तिथीच सांगितलं, हेसुद्धा फलकावर घ्या.

"हा डोंगा नाई, मॅडम," सत्यशीला म्हणाली. "माह्या बापानं बैलायसाठी कोरलेली डोणी हाये. डोमाजी नाव त्याचं."

मॅडम गोड हसल्या. ताई, आपण नंतर बोलू म्हणाल्या, आन् ओल्या साहेबायले घेऊन चहाले गेल्या.

माझी बहीण मग नवऱ्याजवळ गेली. त्याच्या खांद्यावरची शाल ओढली, खाली बसली आन् बापाच्या हातची डोणी पुसाले लागली. शालीचं दुसरं टोक मी धरलं. बापूराव बाजूले निथळत उभा होता. त्याले अंग पुसाले कोणी काही दिलं नाई.