राणीच्या पाठीचं खोगीर

हॉस्टेलवर मैत्रिणीच्या नव्या बॅगेचा चामड्याचा वास आला आणि चांदूर बाजारचं खोगिराचं दुकान आठवलं. आमची घोडी, राणी, प्रदर्शनात न्यायची होती. मला लाल मखमलीचं खोगीर हवं होतं. बाबांनी साधं खोगीर घालून तिला खूप फिरवलं, मग ते उतरवून पाठ पाहिली. घाम सगळीकडे सारखा होता.

"हेच घेऊ. कुठंच दाबून नाही राहिलं."

"बाबा, प्रदर्शनात घाम कोन पायते?"

दुकानदार चाचा हसले. "बेटी को घोडी नहीं, बारात दिखती."

बाबा हसले नाहीत.

राणी प्रदर्शनातच विकायची आहे, हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. तिथे नव्या मालकाला ते एवढंच म्हणाले, "खोगीर संगं न्या. दुसऱ्यानं तिची पाठ दुखन."

आता वाटतं, बाबा दुकानातच तिचा निरोप घेत होते, आणि मी मखमलीसाठी भांडत होते.