जाळीमागची बॅटरी

१२ नोव्हेंबर, बुधवार. काम एकच होतं: पिकअपच्या बॅटरीची दोन टर्मिनलं आणि त्यांच्या जाड केबली बदलून आणायच्या. अर्ध्या तासाचं काम. मी ते कागदावर लिहून धाकट्या दिरांच्या हातात दिलं, कारण तोंडी सांगितलेलं त्यांच्या लक्षात राहत नाही. कागदावर दुसरं काहीही नव्हतं.

आमची उसाच्या रोपांची नर्सरी आहे, कोल्हापूर संपल्यावर बिद्रीकडे जाणाऱ्या रस्त्याला. रोपं मी वाढवते, गाडी दीर चालवतात. नवरा नोकरीच्या गावी असतो आणि शनिवारी येऊन दोघांचंही ऐकून घेतो. गाडी जुनी आहे. इंजिनाची तक्रार नाही, बॅटरी तर गेल्याच वर्षीची. पण टर्मिनलं मूळची, झिजून सैल झालेली, वर पांढरा-हिरवा भुगा. किल्ली फिरवली की ‘टक्’ एवढाच आवाज. मग उतरायचं, बॉनेट उघडायचं, टर्मिनलवर दगडाने दोन ठोके घालायचे, बॉनेट पाडायचं आणि परत किल्ली. त्यासाठी एक गोल दगड सीटखाली कायम ठेवलेला. दीर तो लोकांना कौतुकाने दाखवायचे. दोन वर्षं आम्ही गाडी दगडावर चालवली. यात माझीही चूक आहे. ठोक्याने का होईना, सुरू होणारी गाडी दुरुस्तीला न्यायचं मी पुढे ढकलत राहिले.

गेल्या हंगामात एके दिवशी दगडही चालला नाही. बिद्रीजवळच्या एका शेतकरी बाईंकडे सकाळी सातला पोचवायची रोपं आम्ही अकराला पोचवली. लावणीच्या बाया बांधावर बसून कंटाळल्या आणि दुसऱ्याच्या शेतात निघून गेल्या. तिथल्या शिवारातले निम्मे लोक या शेतकरी बाईंना विचारून रोपं घेतात, त्यामुळे नंतर तिकडून आम्हाला कोणाचाच फोन आला नाही. यंदा मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन बसले. चहा झाल्यावर त्या म्हणाल्या, "गुरुवारी सात वाजता बाया बांधावर असतील. तुम्ही नसलासा तर परत फोन करू नका." म्हणून बुधवारी तो कागद.

दीर सकाळी दहाला शिवाजी पेठेतल्या वायरमनकडे गेले, ते दुपारी चारला आले. फाटकापासूनच हॉर्न. मी ट्रेंना पाणी मारत होते.

"वैनी, बाहेर या. डोळं मिटून या!"

"डोळे मिटून ट्रेवर पडू काय?"

गाडीच्या तोंडावरची मोडकी प्लास्टिकची जाळी गेली होती. तिच्या जागी जाड लोखंडी पाइपांची काळी जाळी, मधोमध पत्र्याचं वाघाचं तोंड आणि दोन्ही बाजूंना निळे दिवे.

"कशी हाय?"

"टर्मिनलं?"

"आधी जाळी कशी हाय ते सांगा की."

"भावजी, टर्मिनलं."

"वायरमन न्याहारीला गेलता. शेजारी जाळीवाला रिकामाच बसलेला. म्हटलं, तवर नुसतं बसून काय करायचं?"

"वायरमन न्याहारी करून आलाच नाही?"

"आला की. पर तवर हिकडं वेल्डिंग चालू झालतं." माझा चेहरा बघून ते पुढे म्हणाले, "जाळी मोडलीय, रेडिएटर उघडा पडलाय, असं तुम्हीच बोललासा न्हवं?"

बोलले होते. आधी टर्मिनलं, जाळीचं नंतर बघू, असं बोलले होते. अर्धंच वाक्य ऐकायचं ही या घरातल्या पुरुषांची रीत आहे.

पहाटे घाई नको म्हणून आम्ही संध्याकाळीच ट्रे भरले. गाडी फाटकाशी घ्यायला दिरांनी किल्ली फिरवली. टक्. त्यांनी सवयीने सीटखालचा दगड काढला, बॉनेटची कळ ओढली. बॉनेट चार बोटं वर आलं आणि वाघाच्या कानांना अडकलं.

"नट सोडवा," मी म्हटलं.

"नट सुटत न्हाईत, वैनी."

"का?"

"वर वेल्डिंग मारून घेतलंय. चोरीला जाऊ नये म्हणून. राजारामपुरीत एकाची नवी जाळी दारातनं गेली."

"आणि बॅटरी गेली तर?"

"बॅटरी आता कोण काढतंय? बॉनेटच उघडत न्हाय की!"

हे त्यांनी अभिमानाने सांगितलं.

पेठेतून निघताना जाळीवाल्याच्या पोरांनी धक्का मारून दिला होता; इथे धक्का मारावा तर गाडी भरलेली, पुढे चढ आणि माणसं दोन. दुसऱ्या गाडीसाठी मी तिघांना फोन केले. हंगाम सुरू झालेला, एकही गाडी मोकळी नव्हती. शेवटी स्कूटर काढून मी पेठेत गेले. वायरमन दुकान आवरत होता. मला बघून हसला.

"पावणं आलतं की सकाळी. वाघ दाखवून गेलं."

"हसू नका. चला माझ्याबरोबर."

"मी येऊन काय करू? बॉनेटच्या फटीतनं हात घालू? बॅटरी चांगली हाय तुमची, तिला पकड न्हाय. त्यात जाळीवाल्यानं निळ्या दिव्यांच्या वायरी पण त्याच टर्मिनलला पिळल्यात. मी हितनं बघत हुतो."

"मग तेव्हाच बोलायचं नाही?"

"बोललो. पावणं म्हणालं, दिवं लागत्यात न्हवं?"

तरी त्याने परत दिवा लावला, मापाच्या दोन केबली कापल्या, टोकांना पितळी टर्मिनलं दाबून बसवली आणि माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं: काढताना आधी काळी, मग लाल; बसवताना आधी लाल, मग काळी. भुगा सोड्याच्या गरम पाण्याने धुवायचा, टोकं पॉलिश पेपरने घासायची.

"आणि वैनी, खंडेनवमीला बॅटरीवर हळद-कुंकू कोण वाहतंय? मागच्या खेपेला सगळं टर्मिनलमदी घट्ट बसलं हुतं. पूजा गाडीची करा की, बॅटरीला कशाला?"

ते मीच वाहते. मी केबली पिशवीत घातल्या आणि निघाले.

घरी दीर जेवत होते. "सकाळी जाळीवाल्याकडनंच कापून आणू," ते म्हणाले.

"गाडी त्याच्याकडे जाणार कशी?"

त्यांनी भात कालवला. मग म्हणाले, "रविवारपतोर तरी ऱ्हाऊ दे, वैनी. स्टेटसला टाकलीय."

"बाया बांधावर बसून तुमचं स्टेटस बघतील काय?"

ते ताट उचलून गेले आणि लवकर झोपले.

सकाळी पाचला उठून मी शेडनेटचे पाइप कापायचं ग्राइंडर काढलं, वायर ओढून गाडीपर्यंत आणली आणि पहिल्या नटावर धरलं. आवाजाने दीर बनियनवर धावत आले.

"वैनी, कान तरी राखा!"

"कानच आडवे येतात."

त्यांनी जाळी दोन्ही हातांनी धरली, रेडिएटरवर पडू नये म्हणून. चार नट कापले. त्यांनी वाघ उचलून फाटकाला टेकवला, तोंड रस्त्याकडे करून. मी बॉनेट उघडलं. आधी काळी, मग लाल. भुगा धुतला, टोकं घासून चकचकीत केली, आधी लाल, मग काळी, पान्याने घट्ट. दिव्यांच्या वायरींना टेप गुंडाळून त्या बाजूला सोडल्या. दिरांनी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. उघड्या रेडिएटरवर मी हिरव्या शेडनेटचा तुकडा तारेने बांधला आणि शेजारी जाऊन बसले.

सातला दहा मिनिटं कमी असताना आम्ही बांधावर होतो. बाया नुकत्याच टेम्पोतून उतरत होत्या. शेतकरी बाई गाडीच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या, वाकून बघितलं.

"हे काय, गाडीला मच्छरदाणी लावलीसा व्हय?"

"हो," मी म्हटलं, मागचा फाळका पाडला आणि पहिला ट्रे त्यांच्या हातात दिला.