न शिवलेल्या कागदात टाका

साठवलेल्या कांद्याला कोंब कधी फुटतात, द्राक्षावर भुरी कशाने येते, बोहाड्याचे मुखवटे कोण रंगवतं आणि अंबडच्या कारखान्यांतल्या कामगारांना कमी का ऐकू येतं, हे सगळं नाशिकमध्ये एकाच बाईला ठाऊक होतं. तिच्या नावामागे डॉक्टर नव्हतं. ती प्रबंध शिवायची.

माजिदाआपा. द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत हबीबभाईंचं बाइंडिंगचं दुकान होतं. पाटी नवऱ्याच्या नावाची, सुई आपांची. माहेर मालेगावला, विणकराचं घर, त्यामुळे तुटलेला धागा जोडायची चपटी गाठ लहानपणापासून बोटांत. उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकल्या. मराठी वाचायला मात्र शिकल्या त्या टेबलावर येणाऱ्या प्रबंधांवरून, आणि म्हणून घरातसुद्धा तसंच बोलायच्या.

"सदर सालनात मीठ जास्त झालंय," असं म्हणायच्या. "निष्कर्ष, आज तुम्ही स्वयंपाकघरात यायचं नाही."

"संदर्भ?" हबीबभाई विचारायचे.

"तुमची जीभ."

विज्ञानाला काळं कापड, कलेला मरून, शिक्षणशास्त्राला निळं. कापडावरून आपांनी माणसंही ओळखून ठेवली होती. "काळेवाले शेवटच्या दिवशी धापा टाकत येतात. मरूनवाल्यांचा प्रबंध उशीएवढा. आणि निळेवाले चार पानं भरून आभार मानतात, पण शाळेत गेलेले काही दिसत नाहीत." अंबडच्या आवाजावर काम करणाऱ्याला त्यांनी एकदा हटकलं होतं, "तो लासलगावचा कांदेवाला कांद्याच्या चाळीत मोठाले घरघरणारे पंखे लावून बघतोय, तुम्ही त्याला भेटलात?" तो म्हणाला, "आपा, तो वनस्पतिशास्त्राचा. आमचा संबंध येत नाही." आपा म्हणाल्या, "माझ्या टेबलावर एकाच वजनाखाली दाबलेत तुम्ही दोघं. आणि संबंध येत नाही?"

निळ्या कापडाबद्दलचं मत बदलायला लावलं ते रोशनीने. १९९७ साली. सुरगाण्याकडची कोकणा आदिवासी घरातली मुलगी, एम.एड. करत होती. तिच्या लघुप्रबंधात बेचाळीस नकाशे होते, जिल्ह्याचे नव्हे, पहिलीच्या वर्गाचे. कोणतं पोर कुठे बसतं आणि दिवसभरात किती वेळा तोंड उघडतं. जितक्या वेळा बोललं तितके ठिपके. वर्षभर ती पाड्यावरच्या शाळेत मागे बसून ठिपके देत होती. बहुतेक नकाशे कोरे.

"हे काय, पाऊस पडलाच नाही का?" आपांनी विचारलं.

"पुस्तकातली भाषा त्यांच्या घरातली नाही ना आपा. गप्प बसतात. मग मास्तर लिहितात, मंदबुद्धी."

"आणि हा सतरावा? यात तर धो धो पडलाय."

रोशनी हसली. "त्या दिवशी वर्गात खेकडा शिरला होता. मास्तरांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, हा राहतो कुठे? ती मागची मुलगी आधीच्या सोळा दिवसांत एक शब्द बोलली नव्हती. तिने खेकड्याचं अख्खं घर सांगितलं. तिच्या बोलीत."

नकाशांचे कागद मोठे, घडीचे. खळीने चिकटवले असते तर घडीवर फाटले असते. आपांनी प्रत्येक नकाशा कापडी पट्टीवर वेगळा शिवला. पाच भोकं, मधल्या भोकाशी गाठ. तीन प्रतींचे मिळून सव्वाशेच्या वर नकाशे. दाभणाने बोटं सोलली. "तुझ्या पोरांनी बोलू नये आणि माझ्या बोटांनी ओरडावं," म्हणाल्या, आणि शिवत राहिल्या.

जून २००१. कापडणीस सर दुकानात आले. रोशनीला एम.एड.ला मार्गदर्शन करणारे हेच. आता त्यांची स्वतःची पीएच.डी. होती. पाच प्रती, सुटी पानं, सोमवारी हव्यात.

"निळंच ना?" म्हणत आपांनी गठ्ठा उलगडला. पानं ठोकून सरळ करताना हात थांबला. वर्गाचा नकाशा. ठिपके. पुढचं पान, पुन्हा नकाशा. प्रत्येकाच्या डाव्या कडेला झेरॉक्सची काळी सावली, सावलीत पाच टिंबं, त्यांतून जाणारी दोऱ्याची रेघ आणि मधल्या टिंबाशी एक चपटी गाठ.

"सर, ही पानं सुटी आहेत."

"हो, म्हणून तर आणलीत."

"मी अजून यांना सुई लावली नाही."

"लावा ना मग."

"मग यांच्यात माझा टाका कुठून आला?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आपा, तुम्हाला यातलं कळत नाही. विद्यार्थ्याचं काम म्हणजे मार्गदर्शकाचंच काम असतं. संकल्पना माझी होती."

"संकल्पना तुमची, आणि वर्षभर पाड्यावर बसली कोण?"

"तुम्ही शिवायचं काम करा."

"तेच करते. शिवलेलं परत शिवत नाही."

हबीबभाईंनी मध्ये तोंड घातलं. "माफ करा सर, तिचं डोकं आज ठिकाणावर नाही. माजिदा, अंदर जाओ." आपा जागच्या हलल्या नाहीत. सर गठ्ठा उचलून निघाले आणि पायरीवरून म्हणाले, "आमच्या विभागाचं एक पान आता इथे येणार नाही."

"निळ्या कापडाचा अख्खा तागा कालच आणलाय," हबीबभाई कपाळाला हात लावून म्हणाले. "अब उसका क्या करूं? तुझी सलवार शिवू?"

"शिवा. पण आधी फोन लावा."

एसटीडी बूथवरून सुरगाण्याच्या आश्रमशाळेत फोन गेला. रोशनी आता तिथे शिकवत होती. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने ती आली, आपली प्रत पिशवीत घालून. सगळं ऐकलं आणि खाली मान घालून बसली.

"मी दोनदा पीएच.डी.ला अर्ज केला, आपा. दोन्ही वेळा सरच म्हणाले, या विषयावर काम चालू आहे, दुसरा विषय घे."

"आणि तू घेतलास?"

"सर आहेत ते."

"सर आहेत म्हणून काय खिशात हात घालू देशील? तू त्या पोरांवर लिहिलंस ना, गप्प बसतात म्हणून? मग तुझा नकाशा कोणी काढायचा? मी?"

रोशनी रडली. आपांनी रडू दिलं, चहा दिला, आणि विद्यापीठाला अर्ज लिहायला बसवलं. हबीबभाईंनीच कोरे कागद काढून दिले, चांगल्यातले.

चौकशी समिती कॉलेजच्या एका खोलीत बसली. तिघे जण. तिथे जे झालं ते रोशनीने सांगितलं. कारकुनाने आपांचं नाव लिहून घेतलं. शिक्षण? सातवी. टेबलापलीकडे कुणीतरी हसलं. व्यवसायाच्या रकान्यात त्याने न विचारताच "गृहिणी" लिहिलं.

"खोडा ते," आपा म्हणाल्या. "तुमच्या तिघांचे प्रबंध माझ्या हातून गेलेत. काळा, मरून, मरून. या मधल्यांच्या आभारांत मांजरीचंसुद्धा नाव आहे. बाइंडर लिहा."

रोशनीच्या लघुप्रबंधाची ग्रंथालयातली प्रत सापडत नव्हती. ती का सापडत नव्हती, हे समितीने कुणाला विचारलं नाही. आपांनी रोशनीच्या स्वतःच्या प्रतीतला एक नकाशा उलगडला आणि सरांनी दुसरीकडे बांधून जमा केलेल्या प्रबंधातलं पान शेजारी ठेवलं. रेघ न् रेघ तीच. मग कडेच्या टाक्याकडे बोट दाखवलं.

"ही मालेगावची गाठ. नाशकात दुसरा कुणी बाइंडर मारत असेल तर बोलवा त्याला, मी बघते."

"बाई, टाका म्हणजे शास्त्रीय पुरावा नव्हे," अध्यक्ष म्हणाले.

"मग टाका सोडा, ठिपके विचारा," रोशनी बोलली. इतका वेळ ती भिंतीपाशी उभी होती. "सर, सतरावा नकाशा. मागच्या बाकावरची मुलगी त्या दिवशी कशावरून बोलली?"

कापडणीस सरांनी पान उलटलं. पुन्हा सुलटं केलं. "ते... शैक्षणिक साधनांचा प्रभाव."

"कोणतं साधन, सर?"

अध्यक्षांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. रोशनीकडे नाही, सरांकडे. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "असं करू. ऋणनिर्देशात या मुलीचं नाव घालू. आनंदाने मिटवू."

"नाही," रोशनी म्हणाली. "आभार नकोत. माझे नकाशे बाहेर काढा."

काढले. नकाशे आणि त्यांच्यावरची प्रकरणं वगळल्यावर प्रबंधाची छत्तीस पानं उरली, त्यांतली चार आभारांची.

निर्णयाचं पत्र यायला सात महिने लागले. सात महिने! एका कांद्याच्या कोंबावर यांना तीनशे पानं सुचतात. त्या सात महिन्यांत दुकानात निळं कापड लागलं नाही. हबीबभाईंनी त्या ताग्यातून घराचे पडदे केले. पत्र रोशनीच्या नावाने आलं. ती ते घेऊन थेट दुकानात आली आणि उभ्यानेच वाचून दाखवलं. सदर प्रबंध परत करण्यात येत आहे. अर्जदारास सदर विषयावर नोंदणी करण्यास हरकत नाही.

हबीबभाईंनी दाभण खाली ठेवलं. "मुबारक हो, बेटा."

आपा हसल्या नाहीत. "मागच्या बाजूचं वाच."

"मागे काही नाही, आपा."

"चोरी झाली, असं कुठे लिहिलंय?"

रोशनीने पुन्हा पाहिलं. "साधर्म्य आढळले, असं आहे."

"आणि माफी?"

"नाही."

"मग हे अर्धंच पत्र आलंय," आपांनी टेबलावरचे प्रबंध बाजूला सारून जागा केली. "नोंदणीचा फॉर्म उद्या भर. आज बस इथे आणि लिही, उरलेलं पत्र पाठवा म्हणून."